डी ड्राइव्हचा परतीचा आहेर

चौसाळ्याला हायवेच्या कडेला आमचं फोटो-व्हिडिओचं दुकान होतं आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून आप्पांचं किराणा दुकान. त्या गावात मला कुणी तारलं असेल तर या आप्पांनी. काय झालं ते सांगणारच आहे, पण आधी माणूस सांगते. नाहीतर गोष्टीच्या भरात माणूस मागं पडतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं की सांगणारीच हुशार होती. मी हुशार नव्हते. घाबरट होते, आणि घाबरट माणसाला शेजार चांगला लागतो.

आप्पांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. काचेतून ते फक्त तराजू बघायचे. माणसाकडे बघायचं तर चष्म्यावरून. 'फुकट' या शब्दाशी त्यांचं वैर होतं. तेव्हा एकावर एक फुकटचे दिवस नुकतेच खेड्यापर्यंत पोचले होते. साबणावर साबण, चहापत्तीवर चमचा. कंपनीचा पोरगा मोटारसायकलवरून येऊन असलं काही सांगायला लागला की आप्पा त्याला बसवायचे, पाणी द्यायचे आणि साबणाची वडी उचलून तराजूत टाकायचे. "वडी बारीक झाली की रे बाबा," म्हणून काटा त्याच्याकडे फिरवायचे. पोरगा पाणी अर्धं ठेवून निघून जायचा.

मी मूळची चोपड्याकडची, जळगाव जिल्ह्यातली. आठवीनंतर शाळा सुटली. पुढची शाळा नदीपलीकडच्या गावात होती आणि मला रोज नदी ओलांडायची भीती वाटायची. आता गंमत बघा. शाळेसाठी नदी न ओलांडणारी मी, ताईच्या बाळंतपणात तिचं घर सांभाळायला म्हणून जिल्हे ओलांडून बीडकडे आले आणि राहिले. आईची आठवण आली की मी दुकानाच्या मागं जाऊन लाकडं आवरायचे. त्या दोन वर्षांत त्या दुकानामागची लाकडं गावात सगळ्यात नीट रचलेली असायची.

दुकान ताईच्या यजमानांचं, म्हणजे माझ्या दाजींचं. लग्नाचं शूटिंग करायचं, ते कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं, खाली गाणी लावायची आणि सीडी करून द्यायची. या सगळ्याला मिक्सिंग म्हणायचे. दाजींचा हात चांगला होता, पण एक अडचण होती. कॅमेरा घेऊन ते आतल्या घरात गेले की बायका पदर ओढून भिंतीकडे तोंड करायच्या. हळदीच्या सीडीत नुसत्या पाठी दिसायच्या. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "ह्यातली नवरी कोणची?" दाजींनाही सांगता येईना. मग एके दिवशी त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. माझा हात इतका कापायचा की कोपर पोटाला टेकवून धरावं लागायचं. पण मी बाई होते, परगावची होते, आणि बोलायला लागले की माझ्या खानदेशी बोलण्याला बायका हसायच्या. हसली की बाई भिंतीकडे तोंड करून बसत नाही. त्या वर्षी आसपासच्या गावांत 'आत शूटिंग करणारी पोरगी' म्हणून मला बोलावणी यायला लागली. घरी दुसऱ्याच्या जिवावर राहते ही टोचणी जरा कमी झाली. ताईच्या सासूबाई मला दुसरी भाकरी न विचारता वाढायला लागल्या, यावरून माझी किंमत काय झाली ते समजावं.

त्याच सुमाराला टेलिफोनचं नवं, वेगवान इंटरनेट गावात आलं आणि दाजींच्या बीडच्या दोस्तानं कॉम्प्युटरमध्ये गाण्यांचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्याची रीत अशी. मध्ये दुकान नाही, दुकानदार नाही. जगात कुणाच्या तरी घरच्या कॉम्प्युटरमध्ये गाणं असतं, ते थेट आपल्या कॉम्प्युटरमध्ये येतं. तसंच आपण आपल्यातला जो भाग मोकळा ठेवू, तिथून कुणीही काहीही न्यावं. दोस्तानं एक छोटासा कप्पा मोकळा ठेवून दिला होता आणि दाजींना बजावलं होतं, "ह्याला हात लावू नको बे."

दाजी शेतकरी घरातले, मानी. आठवडाभर गाणी घेतली आणि त्यांना चैन पडेना. तिकडं लग्नात कुणी लुगडं नेसवलं, कुणी भांडं दिलं, ते घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असतं. त्यांच्या कार्याला आपण तेवढंच, वर एक सूत जास्त, परत न्यायचं. न नेणाऱ्याची गोष्ट पाणवठ्यावर होते. सॉफ्टवेअरमध्येही बारीक अक्षरात लिहून यायचं की जितकं द्याल तितकं लवकर मिळेल. दाजींनी ते वाचलं आणि मनाला लावून घेतलं.

"लोकांचं नुसतं खायलोय आपण," ते ताईला म्हणाले. "उद्या कुणी म्हणलं, चौसाळ्याचे लोक घेतेत पण देत न्हाईत, तर?"

"कोण म्हणंल? ते कुठं राहतेत ते तरी ठाऊक हाय का?" ताईही आता तिकडचंच बोलायची.

"ठाऊक न्हाई म्हणून तर जास्त करायचं."

आणि त्यांनी अख्खा डी ड्राइव्ह जगाला मोकळा करून टाकला. सी ड्राइव्ह मात्र बंद ठेवला. का, तर त्यात कॉम्प्युटरचं खाजगी असतं. आमची सगळी लग्नं डीमध्ये होती.

मला हे सगळं उलगडून सांगितलं असतं तरी तेव्हा कळलं नसतं. पडद्यावर वरच्या भागात येणारी गाणी दिसायची, खालच्या भागात आणखी काहीतरी हिरव्या पट्ट्या सरकायच्या. वरचं आपलं म्हणून आम्ही वर बघायचो.

आता युसूफ वडगाव या गावच्या काकूंकडे येते, कारण जीव खालीवर झाला तो त्यांच्यापायी.

वडगावात एका मोठ्या पुढाऱ्याच्या घरचं लग्न होतं. शेतीवाडी, वाड्यापुढं जीप, निवडणुकीत शब्द चालायचा. त्यांच्या धाकट्या भावाची बायको म्हणजे काकू. माहेर धारूरचं, अंगानं किरकोळ. थोरल्या दिरासमोर पदर डोक्यावरून कधी सरकला नाही आणि आवाज कधी चढला नाही. त्यांना चहा हवा का, हेही काकू पोराच्या तोंडून विचारायच्या. हळदीच्या दिवशी पुरुष मंडळी दुपारी मांडवाच्या कामाला बाहेर गेली आणि बायकांनी माजघराचं दार लावून सोंगं काढायला घेतली. कुणी नवरदेव झाली, कुणी पोलीस. मग काकूंनी डोक्याला उपरणं गुंडाळलं, पोटाला उशी बांधली आणि आतल्या खोलीतून थोरले दीर बाहेर आले.

तसंच पोट आधी, माणूस मागून. प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणं. एक बोट वर. "आमच्या आजोबानं ही हीर खांदली," असं म्हणून दोन मिनिटं आजोबा, दोन मिनिटं विहीर, परत आजोबा. पुढं जाऊन काळा गॉगल घातला, तो उलटा, आणि पाटावर चढून सत्काराचा हार म्हणून कांद्याची माळ घालून घेतली. शेवटी पाटावरून घरंगळल्या आणि पडल्या पडल्याही एक बोट वरच होतं. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. कॅमेरा हलू नये म्हणून मी ओठ इतका चावला की संध्याकाळी जेवताना तिखट झोंबलं.

सगळं आवरल्यावर काकूंनी माझं मनगट धरलं. आवाज परत नेहमीचा, हळू. "बाई, हे आमा बायांपुरतं. एक सीडी मला आणून दे. बाहेर गेलं तर मला माहेरी जावं लागंल, अन् माहेरी आता भावजया हायेत. अन् तुला कुणी उंबऱ्याच्या आत घ्यायचं न्हाई."

शेवटचं वाक्य त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. जे आहे ते सांगितलं. मी मान हलवली. दुकानात आल्यावर ते शूटिंग वेगळं काढून ठेवलं आणि नाव दिलं 'वडगाव हळद आतलं'. डी ड्राइव्हमध्ये.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी आप्पा आमच्याकडे येऊन बसले होते. त्यांना दुकानात लावायला शंकराच्या जुन्या आरत्या हव्या होत्या आणि दाजींनी कौतुकानं त्या मागवल्या होत्या. आरती येईपर्यंत आप्पा चष्म्यावरून पडदा बघत बसले.

"माय, हे वरचं आपल्याकडं यायलंय, समजलं. हे खालचं काय?"

"खालचं जात असेल, आप्पा," मी म्हटलं.

"कुठं?"

"ज्याला पाहिजे त्याच्याकडे," दाजी म्हणाले. "फुकट घेतो, तर फुकट देतो पण. आहेराला आहेर."

आप्पांनी स्टूल पुढं सरकवलं. "दे की. देणं चांगलंच. पण काय जायलंय ते बघितलंस का?"

"आपलं असंच असंल काहीबाही."

"दुकान तुझं, माल तुझा, अन् काय चाललंय बाहेर ते तुला ठाऊक न्हाई?" आप्पांचा आवाज अजून थट्टेचाच होता. "आहेर करताना पाकीट देतेत बाबा. कपाटाची किल्ली देत न्हाईत. माय, तू वाच गं. मला इंग्रजी येत न्हाई."

मला इंग्रजी येतं असं नाही, पण ती नावं मीच टाकलेली होती. एकेक अक्षर लावत मी वाचलं. पहिलं एका बारशाचं होतं. दुसरं मी दोनदा वाचलं. वडगाव, हळद, आतलं. हिरवी पट्टी त्याच्यावरून बयजवार सरकत होती, जणू तिला कसली घाई नव्हती.

मी उठले आणि कॉम्प्युटरमागची टेलिफोनची तार उपटली.

"अगं, आरती होत आलती की," दाजी म्हणाले.

"आरती राहू दे," आप्पा म्हणाले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय ते कळलं होतं. "काय व्हतं त्यात?"

मी सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. दाजींचा चेहरा उतरला. मग त्यांनी मोकळा ठेवलेला डी ड्राइव्ह बंद केला आणि किती गेलं ते बघितलं. पट्टी अर्ध्याच्या जरा पुढं जाऊन थांबली होती. ज्यानं नेलं त्याचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. तो लातूरचा का लंडनचा, कळायला मार्ग नव्हता.

"अर्धीच गेली," दाजी म्हणाले. "अर्धी फाईल म्हणजे काय, काही न्हाई."

"अर्धी चालते का?" आप्पांनी विचारलं.

दाजींनी पडद्यावरची नजर काढली. "चालते. अर्धी चालते."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला आणि लाकडांना ठाऊक. फोन वाजला की मी मोरीत जायचे. हायवेवरून जीप हळू झाली की वाटायचं, वडगावची आली. ताई म्हणायची, "अगं, एवढ्या मोठ्या जगात कोण बघायला बसलंय?" पण मला जगाची भीती नव्हती. जगातून फिरत फिरत ते केजच्या एखाद्या सीडीच्या दुकानात येईल याची होती. पुढाऱ्याची नक्कल म्हटल्यावर ती सीडी भज्यांपेक्षा जल्दी खपली असती. आणि काकू गेल्या माहेरी, मी गेले चोपड्याला, आणि परत कुठल्याच घरच्या बाईनं कुणा पोरीला कॅमेरा घेऊन आत घेतलं नसतं. दाजींचं म्हणणं होतं, गप्प बसावं, कुणाला काही कळत नाही. त्या आठवड्यात तेही दोनदा मोरीत गेलेले मी पाहिले.

आप्पांनी मात्र मला दुकानात बोलावलं. शेंगदाणे निवडत होते. सूप माझ्यापुढं सरकवलं, कारण रिकाम्या हातानं कुणी त्यांच्यासमोर बसलेलं त्यांना चालायचं नाही.

"माय, खराब माल गेला तर गिऱ्हाईक ओरडायच्या आधी दुकानदारानं जाऊन सांगावं. मागून कळलं की माल बी गेला अन् गिऱ्हाईक बी."

"आप्पा, मी एकटी नाही जाणार. काकूंशी बोलायला लागले आणि मालक आत आले तर?"

"म्हणून तर मी येणार हाय. मला उडीद बघायचाय."

आप्पांना उडीद नको होता. त्यांच्या दुकानात उडदाची पोती छतापर्यंत होती. गुडघेही धड नव्हते. ओट्याच्या पायऱ्या उतरताना ते एकेक पायरीला महादेवाचं नाव घ्यायचे. तरी सकाळी धुतलेलं धोतर नेसून, छत्री घेऊन ते स्टँडवर माझ्याआधी उभे होते. मांजरसुंब्याला गाडी बदलली, केजपासून काळ्यापिवळ्या जीपमध्ये स्वतःला कोंबून घेतलं. आप्पांचा गुडघा दुसऱ्याच्या कोंबडीच्या पाटीला टेकला होता. वाटभर त्यांनी मला एक शब्द बोलायला शिकवला नाही. फक्त उतरताना म्हणाले, "खरं सांगायचं तर पाठ करावं लागत न्हाई. खोटं असतं तर मी शिकवलं असतं."

वाड्यावर पुढारी ओसरीवरच होते. आप्पांनी राम राम घातला, छत्री खांबाला टेकवली आणि असे बसले की आत जायच्या दाराची वाट त्यांच्या पाठीनं झाकली. "मालक, उडदाचं काय चाललंय इकडं?" झालं. उडदावरून पाऊस, पावसावरून विहीर, विहिरीवरून आजोबा. मी सीडी देण्याच्या निमित्तानं आत गेले.

काकू चुलीपुढं होत्या. बाहेरून घसा खाकरल्याचा आवाज येत होता आणि मला दर वेळी वाटत होतं की तो काकूच काढतायत. मी सांगितलं. पाठ केलं नव्हतं, त्यामुळे उलटसुलट सांगितलं. आधी तार, मग आहेर, मग डी ड्राइव्ह. काकूंनी भाकरी तव्यावरून उतरवली आणि हात थांबवला.

"म्हंजी कुणी बी बघितलं असंल?"

"हो."

"कोण?"

"ते कळत नाही, काकू."

बाहेर पुढारी म्हणाले, "आमच्या आजोबानं ही हीर..." काकूंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता रडतील. मी माझं रडून घेतलं.

"रडू नको, धूर हाय म्हणतील," काकू म्हणाल्या. "कुठवर गेलंय?"

"अर्ध्याच्या जरा पुढं."

"माझ्याशिवाय कुणाचं तोंड हाय का त्यात? नवरीचं? थोरल्या जाऊबाईचं?"

मी डोळ्यांपुढं सगळं आणलं. कॅमेरा तेव्हा काकूंवरच होता, बायका मागून नुसत्या ऐकू येत होत्या. आणि काकूंनी उपरणं भुवयांपर्यंत ओढलेलं. "तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही पण निम्म्याच दिसता."

काकूंनी श्वास सोडला. मग दुसरी भाकरी तव्यावर टाकली. जरा वेळानं विचारलं, "गॉगल घातलाता का तवर?"

"नाही. गॉगल नंतर आहे."

"कांद्याची माळ?"

"ती पण नंतर."

"अन् पडले ते?"

"ते तर शेवटी."

काकू तव्याकडे बघत राहिल्या. "म्हंजी नुसती हीर अन् आजोबाच गेले," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात भीती होती तेवढीच थोडी नाराजीही होती, हे मी देवाशपथ सांगते. "चांगलं ते इकडंच राहिलं की."

मला हसावं का रडावं कळेना, म्हणून मी पीठ मळायला घेतलं. तेवढ्यात ओसरीवरून पुढाऱ्यांचा आवाज चढला. उडीद संपला होता आणि आप्पांनी त्यांना धरून ठेवायला आमच्या दुकानाचा विषय काढला होता. काकूंनी दाराशी कान लावला, मीही लावला.

"म्हंजी इथून टाकलं की अमेरिकेत दिसतं?" पुढारी विचारत होते.

"म्हणतेत तसं," आप्पा म्हणाले.

घसा खाकरला गेला. "मग आमचं एखादं भाषण टाका की. आपलं हिरीचं. कळू द्या जगाला, वडगावात काय काम झालंय."

काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी भिंत धरली. मला वाटलं, आता बाहेर आप्पा हसतात आणि सगळं जातं. पण ते व्यापारी होते.

"तुमचं भाषण, मालक, तार नसली तरी पोचतं," ते म्हणाले. "आता निघतो. उडीद लई महाग सांगितला तुमी."

आम्ही उठताना काकूंनी मला चुलीमागं ओढून एकच अट घातली. ज्या मशीनला टेलिफोनची तार आहे, त्यात बायकांचं काही ठेवायचं नाही. एवढं पाळणार असशील तर धारूरला माझ्या भाचीची हळद आहे, तिथं तूच यायचं. "न्हाईतर मी दुसरी बघीन," त्या म्हणाल्या. दुसरी कुणी नव्हती हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्यांनी मला परत बोलावलं होतं. जीपमध्ये बसल्यावर मी आप्पांना सांगितलं आणि मग केजपर्यंत त्यांच्या छत्रीवर डोकं टेकवून झोपले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आता तार नसलेली मशीन आणायची कुठून? दाजींकडे एकच कॉम्प्युटर. पण आप्पांच्या मुलानं दुकानाच्या हिशेबासाठी एक घेऊन दिला होता. आप्पांनी त्याला उदबत्ती लावली, फुलं वाहिली आणि त्यावर काडेपेट्यांचे गठ्ठे रचले. हिशेब ते तोंडी करायचे. त्यांनी गठ्ठे उतरवले. गोदामात, तूरडाळीच्या पोत्यांमध्ये जागा करून दिली. बायकांचं सगळं मिक्सिंग पुढं मी तिथंच बसून केलं. कुणी कॅमेरा सोडून त्या मशीनला काही जोडायला आलं की आप्पा उठून यायचे. तारेची त्यांनी इतकी धास्ती घेतली होती की पहिल्या दिवशी त्यांनी माऊसचीही तार उपटून ठेवली. "ही बी तारच हाय," त्यांचं म्हणणं. समजवायला संध्याकाळ गेली. त्यानंतरही माऊसकडे ते चष्म्यावरूनच बघायचे.

दाजींच्या मशीनचंही त्यांनी ठाकठीक करून घेतलं. कॉम्प्युटर त्यांना येत नव्हता, दुकान येत होतं. जगाला मोकळा ठेवायचा कप्पा एकच, छोटा, आणि त्याचं नाव 'ओटा'. ओट्यावर तेवढंच जे गावानं बघितलं तरी चालतं. त्यात दाजींनी हायवेवरच्या सूर्यास्ताचे फोटो ठेवले, जे कुणीही कधी नेले नाहीत. मशीन सुरू ठेवून जेवायला जायचं नाही, सॉफ्टवेअर नुसतं झाकायचं नाही, पूर्ण बंद करायचं, कारण शटर अर्धं ओढलं म्हणजे दुकान बंद होत नाही. आणि आलेला माल आधी जोखायचा. मध्ये एकदा गाणं म्हणून काहीतरी आलं, उघडलं, आणि कॉम्प्युटर वेड्यासारखा आपोआप बंद-चालू व्हायला लागला. बीडचा दोस्त येऊन शिव्या घालून दुरुस्त करून गेला आणि व्हायरस पकडायचं एक सॉफ्टवेअर टाकून गेला. आप्पांनी विचारलं, "गाण्याला वजन असतं का?" असतं, दाजी म्हणाले, फाईल किती मोठी ते लिहिलेलं असतं. "मग शेराच्या जागी छटाक आलं तर उघडतो कावून?" तेव्हापासून मी प्रत्येक गाण्याचं वजन बघायचे, फाईलच्या नावाच्या शेपटाला भलतंच काही लागलंय का बघायचे, व्हायरसच्या चाळणीतून काढायचे, मगच उघडायचे. तांदूळ निवडल्यासारखं. मला ते काम आवडायचं. घाबरट माणसाला जगात एक तरी काम असं मिळावं जिथं घाबरणं हीच हुशारी असते.

एक प्रश्न मात्र दाजींना कधी सुटला नाही. "ही गाणी मुळात कुणाची?" आप्पांनी एकदा विचारलं. कुणाचीच नाहीत, जगाची, दाजी म्हणाले. आप्पा म्हणाले, "मालक दिसत न्हाई म्हंजी मालक न्हाई, असं माझ्या दुकानात तरी चालत न्हाई." दाजी चिडले, चार दिवस आप्पांशी बोलले नाहीत. पण पुढच्या सिझनला बीडहून विकतच्या सीड्या यायला लागल्या, आणि हळदीला आमच्याच भागातल्या सनईवाल्यांना विचारून त्यांचं वाजवणं भरून घेतलं. त्यांना आहेर काय तो समोरासमोर केला.

ती अर्धी फाईल कुठं गेली, मला आजही ठाऊक नाही. केजच्या दुकानात आली नाही. काकू माहेरी गेल्या त्या भाचीच्या हळदीला, आणि तिथं त्यांनी कुणाचं सोंग काढलं ते मी लिहिणार नाही.

आता मी नाशिकला असते. परत घरापासून लांबच, पण दुकान माझं आहे आणि कॅमेरा धरायला तीन पोरी आहेत. आप्पांचा मधूनमधून फोन येतो. गुडघे पार गेलेत. दर कार्तिकात ते पायी कपिलधारच्या यात्रेला जायचे, तेही दोन वर्षांपासून बंद आहे. मुलगा गाडी करून देतो म्हणाला तर म्हणतात, दुसऱ्याच्या गाडीत देव भेटत नाही. त्या दिवशी उडदाचं खोटं निमित्त करून, कोंबडीच्या पाटीला गुडघा टेकवून ते माझ्यासाठी वडगावापर्यंत आले, हे त्यांनी पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. आप्पा, गाडी चालवायला शिकतेय. नदीच्या पुलावर अजून हात कापतात, पण शिकतेय. शिकून झालं की माझी स्वतःची गाडी घेऊन चौसाळ्याला येईन, तुम्हाला पुढच्या सीटवर बसवीन आणि कपिलधारच्या पायरीपर्यंत नेईन. वर जाताना माझा खांदा धरा. फुकट नेतेय म्हणून वजन करायला बसू नका.